अळंबीची छत्री स्पष्ट येते, दांडा मात्र धूसर

प्रश्न
नमस्कार. गेले दोन पावसाळे मी पन्हाळा आणि गगनबावडा परिसरातील रस्त्यालगतच्या झाडीत अळंबीची छायाचित्रे काढतो आहे. माझ्याकडे १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स, म्हणजे लहान वस्तू अगदी जवळून टिपणारी लेन्स आहे. कुजक्या ओंडक्यावरची नखाएवढी छत्री टिपायला गेलो, की तिची पुढची कड तेवढी रेखीव येते आणि दांडा धूसर होतो. ॲपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाश आत सोडणारे छिद्र, एफ २२ पर्यंत लहान करून पाहिले (एफचा आकडा मोठा, तितके छिद्र लहान), तर सगळेच चित्र भुरकट झाले. दोष लेन्सचा आहे की माझा?

पहिले उत्तर
दोष कोणाचाच नाही. वस्तू सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवर, एकास एक प्रमाणात (खऱ्या आकाराएवढी) उमटते, तेव्हा फुल फ्रेम (३६ × २४ मिलिमीटर सेन्सरच्या) कॅमेऱ्यात एफ ८ ला जेमतेम १ मिलिमीटर खोलीपर्यंतचाच भाग स्पष्ट दिसतो. त्या प्रमाणात एफ २२ प्रत्यक्षात एफ ४४ सारखे वागते आणि प्रकाशाच्या विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना तो पसरल्यामुळे) बारकावे पुसले जातात. म्हणून एफ ५.६ ते ८ ठेवून, फोकस अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरने मागे सरकवत १५ ते २० चित्रे घ्यावीत आणि घरी प्रत्येकातला स्पष्ट भाग घेऊन ती सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करावीत. ट्रायपॉड आणि २ सेकंदांचा टायमर हवाच. पाऊस थांबला तरी झाडे बराच वेळ ठिबकत राहतात, आणि एका थेंबाने छत्री हलली की सगळी मालिका वाया जाते.

दुसरे उत्तर
वरील पद्धत योग्य असली, तरी नवख्याने तिच्याकडे वळण्याआधी कोन बदलून पाहावा, असे माझे मत आहे. बहुतेक जण उभ्याने किंवा वाकून वरून चित्र घेतात, त्यामुळे दांडा छत्रीपेक्षा कॅमेऱ्यापासून दूर पडतो. ज्वारी भरलेली कापडी पिशवी जमिनीवर ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवावा आणि सेन्सर दांड्याला समांतर ठेवावा. मग छत्रीची बाजूची कड आणि दांडा एकाच प्रतलात येतात. ओल्या छत्रीवर थेट फ्लॅश मारल्यास पांढरे डाग पडतात. त्याऐवजी बटर पेपर लावलेला छोटा एलईडी दिवा बाजूने धरावा. पानांमधून झिरपणाऱ्या उजेडाची हिरवी झाक नंतर काढता यावी, यासाठी रॉ स्वरूपातच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) चित्र घ्यावे. (परतल्यावर लेन्स दमट पिशवीत ठेवू नये, नाहीतर बुरशी तिच्यातच वाढेल.)

तिसरे उत्तर
ओळख पटवायची असेल, तर छत्रीची खालची बाजू, दांड्याचे बूड आणि ती कशावर उगवली आहे, हे तिन्ही टिपावे. खालच्या बाजूसाठी अळंबी उपटू नये. छोटा आरसा खाली सरकवला की काम होते. राधानगरी अभयारण्यात जाणार असाल, तर आधी वनखात्याकडे चौकशी करावी, आणि तेथे पोटावर आडवे होण्यापूर्वी आजूबाजूला गवा नाही ना, हे पाहून घ्यावे. छायाचित्रावरून ‘ही खाण्याजोगी आहे का’ असे मात्र कोणालाही विचारू नये.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. रविवारी आधी कोन बदलला, तेव्हा निम्मे काम तिथेच झाले. नंतर मालिका घेताना अकराव्या चित्राला वरून थेंब पडलाच. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेलो, तर छत्री शाईसारखी काळी होऊन विरघळली होती आणि नुसता दांडा उभा होता. तो मात्र संपूर्ण स्पष्ट आला.