स्पितीला शिमल्याकडून चढा

आईवडिलांना घेऊन जूनच्या सुरुवातीला मनालीहून एका दिवसात स्पितीतलं काझा गाठायचा तुमचा बेत वाचला. कृपा करून तो बदला. मनाली जेमतेम २,००० मीटरवर, आणि वाटेतली कुंझुम खिंड साडेचार हजारांवर. शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. शिवाय बर्फामुळे ही खिंड काही वर्षी जूनमध्येही बंदच असते.

शिमल्याकडून किन्नौरमार्गे जा. कल्पा सुमारे २,९५० मीटर, ताबो ३,२८०, मग काझा. चढ हळूहळू होतो. ताबोला दोन रात्री द्याच. इ.स. ९९६ मधला मठ आहे, बाहेरून नुसती मातीची घरं वाटतात. आत अंधार असतो. डोळे सरावले की भिंतींवर चहूबाजूंनी मातीच्या मूर्ती हळूहळू उमटायला लागतात. माझी आई तिथे अर्धा तास खाली बसून होती, उठायला तयार नव्हती.

रोख पैसे भरपूर ठेवा. डायमॉक्सबद्दल (उंचीवरच्या विरळ हवेचा त्रास टाळायची गोळी) डॉक्टरांना इथूनच विचारून निघा. आणि डोकेदुखीसोबत मळमळ सुरू झाली तर पुढे अजिबात चढू नका. थांबूनही बरं वाटलं नाही तर सरळ खाली उतरा.