नागपुरात साडेतीन वर्षांच्या ऑटिस्टिक मुलासाठी प्रीस्कूल कशी निवडायची? आम्ही ज्यू आहोत, शनिवारचाही प्रश्न आहे

अजनीची_आई

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही. आम्ही मूळचे ठाण्याचे, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. मिस्टर रेल्वेत, बदली होऊन नागपूरला आलोय, अजनीला क्वार्टर आहे. मुलगा साडेतीन वर्षांचा, ऑटिझमचं निदान झालंय. बोलणं अजून नाहीच म्हणा, पाणी हवं असलं की माझं मनगट धरून माठापर्यंत ओढत नेतो. स्पीच आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) चालू आहे, आता डॉक्टर म्हणताहेत रोज दोन-तीन तास चार मुलांत बसायची सवय लागू दे, प्रीस्कूल बघा.

बघितल्या त्यातल्या दोन डोक्यात आहेत. एक धरमपेठेतली मोठी प्लेस्कूल, दारावरच इन्क्लुझिव्ह लिहिलंय, एसी वर्ग, पण वर्गात पंचवीसेक मुलं आणि शॅडो टीचर, म्हणजे वर्गात फक्त त्याच्याजवळ बसणारी बाई, आम्हीच शोधून आणायची, तिचा पगारही आम्हीच द्यायचा. दुसरं मानेवाड्याकडचं छोटं सेंटर, दोन खोल्या, कूलर, सहा-सात मुलं. आम्ही गेलो तेव्हा तिथल्या मॅडम फरशीवर बसून एका मुलीबरोबर बाटल्यांना झाकणं लावत होत्या, आम्हाला बघून लगेच उठल्या नाहीत, झाकणं संपल्यावर उठल्या. मला ते फार आवडलं. पण त्यांचं पालकांचं ट्रेनिंग आणि ग्रुप सेशन दोन्ही शनिवारी, आणि शनिवार आमचा शब्बाथ. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावले की शनिवारी अंधार पडेपर्यंत आम्ही बाहेरची कामं ठेवत नाही, सासूबाई इथे असल्या की गाडीसुद्धा काढत नाही.

याच्या आधी एका तिसऱ्या ठिकाणी ट्रायलला पाठवलं होतं, नाव लिहीत नाही. आमच्या दाराच्या उजव्या चौकटीला मेझुझा आहे, लांबट डबी असते, आत तोरातल्या, म्हणजे आमच्या धर्मग्रंथातल्या, ओळी लिहिलेली गुंडाळी. घरात शिरताना मिस्टर पोराला उचलतात, तो डबीला हात लावतो आणि बोटं ओठांना लावतो. कुणी न सांगता सुरुवातीपासून शेवटपर्यंत तो करतो अशी ही एकच गोष्ट आहे. तर शाळेत वर्गाच्या दाराशी आला की हा थांबायचा आणि दोन्ही हात वर करायचा. बाईंना वाटलं कडेवर घ्या म्हणतोय, लाडावलाय. आत ओढलं की रडून गोंधळ. डायरीत रोज ‘हट्टी, सूचना पाळत नाही’. मी जाऊन मेझुझाचं समजावून सांगितलं तर म्हणाल्या घरचे धार्मिक प्रकार शाळेत नकोत, सवय मोडावी लागेल. आम्ही पाठवणं बंद केलं.

खाण्याचं तसं अवघड नाही, डबा घरचाच असतो. अडचण बक्षिसाच्या खाऊची, काही जमलं की जेली नाहीतर मार्शमेलो हातात देतात, त्यात जिलेटिन असतं, आम्हाला चालत नाही. आणि तान्हा पोळा, म्हणजे इथला लहान मुलांचा पोळा. लाकडी बैल आम्ही हौसेने आणू, त्याची चाकं फिरवत हा तासभर रमेल, फक्त पूजेला हात जोडायला लावू नका एवढंच म्हणणं आहे, पण हे सांगितलं की लोकांचे चेहरे बदलतात हो.

सासूबाई म्हणतात ठाण्याला परत या, तिथे आपला समाज आहे, सिनेगॉग म्हणजे आमचं प्रार्थनास्थळ आहे. नणंद इस्रायलमध्ये अश्दोदला असते, ती म्हणते इकडेच या, इथे मूल तीन वर्षांचं झालं की सगळं सरकार करतं. मला काही सुचत नाहीये. शाळा बघताना नक्की काय बघायचं? आणि शनिवारचं, खाण्याचं, दाराचं हे सगळं आधीच सांगायचं की ॲडमिशन झाल्यावर हळूहळू?

विशेष_शिक्षिका

ताई, मी स्पेशल एज्युकेटर आहे, नागपुरातच. तुमचं दाराचं वाचून जीव कळवळला. अहो ज्या मुलाला शब्द नाहीत तो दारात थांबून, हात वर करून, तुमच्याकडे बघत वाट पाहतोय, याच्यासाठीच तर आम्ही महिनोन् महिने मेहनत घेतो! ते मोडायचं नाही, त्यावर पुढचं बांधायचं. त्या बाईंनी वर्गाच्या चौकटीला मुलाच्या उंचीवर त्याच्या फोटोचं लॅमिनेट केलेलं कार्ड चिकटवलं असतं, ‘हात लाव, आत ये’, तर आठवड्याभरात रडणं कमी झालं असतं असं मला वाटतं. मेझुझाची जागा ते कार्ड घेणार नाही, घ्यायचीही नाही, पण आत शिरताना काहीतरी करायचं असतं ही त्याची शिस्त तशीच राहते. बाकीची मुलंही करायला लागतात, आमच्याकडे लागलीच असती.

म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, सगळं पहिल्या भेटीतच सांगा. आणि सांगून झालं की समोरची बाई काय विचारते ते ऐका. ‘डबी किती उंचीवर असते, तो एकट्याने करतो का, आजोळी गेला की काय करतो’ असं विचारणारी बाई तुमच्या मुलाकडे बघतेय. ‘होऊन जाईल हो, सगळी मुलं ॲडजस्ट होतात’ म्हणणारी बघत नाहीये. तुमची वेगळी चालरीत ही परीक्षा घ्यायला उलट बरी आहे, बाकीच्या पालकांना इतक्या लवकर कळत नाही.

बाकी गोष्टी पटापट सांगते. शिकवणाऱ्या व्यक्तीचा आरसीआयचा (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचा) नंबर मागा, १९९२ च्या कायद्याने स्पेशल एज्युकेटरला ती नोंदणी लागतेच, लाजायचं काही कारण नाही, ज्याच्याकडे आहे तो लगेच दाखवतो. वर्गात मागे बसून बघू देतात का विचारा, नाही म्हणाले तर मी तरी घालणार नाही. आणि लेखी आयईपी मागा, म्हणजे तुमच्या मुलापुरता तयार केलेला प्लॅन. त्यात ‘कम्युनिकेशन सुधारेल’ असं लिहिलेलं असेल तर त्याला काही अर्थ नाही. ‘पाणी हवं असताना पाण्याच्या चित्राचं कार्ड मोठ्या माणसाच्या हातात देईल, पाचपैकी चार वेळा, मदतीशिवाय’ असं असेल तर तीन महिन्यांनी तुम्ही विचारू शकता, देतो का नाही देत. (कार्ड दिल्याने मूल बोलायचं थांबतं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, थांबत नाही.) आणि घरातली मराठी सोडू नका. बऱ्याच पालकांना एकच भाषा ठेवा, इंग्लिशच ठेवा म्हणून सांगतात, दोन भाषा कानावर पडल्याने ऑटिझम वाढत नाही, तुमच्या हिब्रू प्रार्थना ऐकल्यानेही नाही.

जेलीचं सोपं आहे. फॉर्मवरच लिहून द्या की फक्त हिरव्या ठिपक्याचा खाऊ, जनावराचं जिलेटिन तिथेच गळतं. आणि खाऊच कशाला हवा, ज्याला चाकं फिरवायला आवडतात त्याला बक्षीस म्हणून दोन मिनिटं चाक द्या की.

मेडिकल_चौक

ताई माझा पोरगा आता नऊ वर्षांचा आहे, ऑटिझमच. पैशाचं आणि कागदाचं सांगतो कारण ते कुणी सांगत नाही. २०१६ चा दिव्यांग कायदा आहे ना, त्यात फुकट शिक्षणाचा हक्क ६ ते १८ वर्षांचा आहे, तुमचं पोरगं साडेतीनचं, त्याला अजून लागत नाही, म्हणून या वयात सगळा बाजारच आहे बाप्पा, ज्याला जे वाटेल ती फी घेऊन राहिले. आमच्याकडून एका जागी वर्षभराची फी आधीच घेतली आणि सहा महिन्यांत पोरगं बोलेल म्हणून सांगितलं. असं सांगणाऱ्याच्या दारात उभं राहू नका.

आधी सीआरसीला जाऊन या, दिव्यांगांसाठीचं केंद्र सरकारचं सेंटर आहे, नागपुरातच आहे, तपासणी न् थेरपी दोन्ही तिथे कमी पैशात होते. जिल्ह्याचं डीईआयसी (लवकर निदान न् उपचाराचं सरकारी सेंटर) पण आहे, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या पोरांसाठी. यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा अर्ज ऑनलाइन भरून टाका, मग सरकारी दवाखान्यात बोर्डापुढे न्यावं लागते. लहान वयात टेम्पररी सर्टिफिकेट देतात, पुन्हा जावं लागते, म्हणून थांबू नका. ते हातात आलं की नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेचा निरामय आरोग्य विमा काढा, १ लाखापर्यंतचा आहे, ओपीडी थेरपीचेही पैसे त्यात काही प्रमाणात मिळते, बिलं मात्र सांभाळून ठेवा.

आणि धरमपेठवाल्या शाळेचं, शॅडो टीचर तुम्हीच आणायची, पगार तुम्हीच द्यायचा, मग त्यांनी काय केलं? फक्त बोर्ड लावला ना. मानेवाडाच करा. अजनीहून जवळ पण पडते, एप्रिल-मे मध्ये दुपारी बारा वाजता पोराला गाडीवर घेऊन धरमपेठेतून येणं म्हणजे काय ते या उन्हाळ्यात समजेल तुम्हाला.

रास्ता_पेठ_पुणे

शालोम अजनीची आई, मीही आपल्यातलीच, पुण्याची. माझी मुलगी मोठी आहे आता, डाऊन सिंड्रोम आहे तिला. सासूबाईंचा मान ठेवून बोलते, पण ठाण्याला गेलात म्हणून ज्यू स्पेशल प्रीस्कूल मिळणार आहे का? नाही मिळणार. माझगावची सर एली कदूरी शाळा आपल्याच लोकांनी १८७५ मध्ये काढली, आज तिथे आपली मुलं शोधावी लागतील. आपल्या चार-पाच पिढ्या इतर मुलांच्या बाकावर बसूनच शिकल्या, सणवार घरात आणि सिनेगॉगमध्ये शिकल्या. ठाण्याची ओढ मला कळते, आजी असणं, कुणीतरी मुलाला दोन तास सांभाळणं, हे फार मोठं आहे आणि त्यासाठी गेलात तर जरूर जा. पण शाळेसाठी जाताय असं मनाला सांगू नका.

अश्दोदचं नणंद खोटं नाही सांगत, १९८८ चा स्पेशल एज्युकेशनचा कायदा आहे तिथे, ३ ते २१ वर्षांपर्यंत सरकारवर जबाबदारी आहे. माझी बहीण तिकडेच आहे. पण एक बघा, तिथे पालकांचं ट्रेनिंग हिब्रूत होणार, मीटिंगा हिब्रूत, रिपोर्ट हिब्रूत. मूल भाषा उचलेल हो, आईचं काय? तुम्हाला टीचरशी भांडता यायला हवं आणि भांडण आपल्या भाषेतच जमतं.

शनिवारबद्दल मी निवाडा देणारी कोण, सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्या तुमच्या हझानना विचारा, मुलाची परिस्थिती नीट सांगून विचारा. आमच्या घरी आम्ही शनिवार सोडला नाही, पण त्याचं कारण धर्माइतकंच मुलगी पण होती. आठवड्यात एक दिवस कुणी तिला काही शिकवत नसे, कुणी टाळ्या वाजवत नसे, नुसतं घर. तिला तो दिवस लागायचा. शुक्रवारी दिवे लावायच्या आधी मी तिला दोन मेणबत्त्यांचं चित्र दाखवायची, मग शब्बाथच्या हल्ला ब्रेडचं, मग आजोबांचं, त्या क्रमानेच सगळं व्हायचं. तुमच्या मॅडमना हीच चित्रं वर्गातल्या वेळापत्रकाच्या पट्टीवर शुक्रवारी शेवटी लावायला सांगा, म्हणजे उद्या शाळा नाही हे पोराला कळतं.

दोन बारीक गोष्टी. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्या सुट्ट्या एकापाठोपाठ येतात, रोश हशाना, योम किप्पूर, सुक्कोथ, त्यांच्या तारखा जूनमध्येच लिहून द्या, ऐनवेळी दांड्या मारल्यासारखं दिसत नाही. आणि फॉर्मवर धर्माच्या रकान्यात ‘इतर’ नका लिहू, ज्यू लिहा, २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने आपल्याला अल्पसंख्याक दर्जा दिलाय. सणाला सिनेगॉगमध्ये शोफार, म्हणजे शिंग, फुंकतात त्या वेळी कान झाकणारे हेडफोन ठेवा जवळ, माझी मुलगी त्या आवाजाला घाबरून बाकाखाली जायची.

अजनीची_आई

सगळ्यांचे खूप आभार, दोनदा वाचून काढलं, मिस्टरांनाही वाचायला दिलं. हेडफोन आहेत, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मारबतीच्या मिरवणुकीच्या आवाजाने घेतले होते, नागपूरला आल्या आल्या.

मानेवाड्याच्या मॅडमना आज फोन करून सगळं सांगितलं, दाराचं, जेलीचं, पोळ्याचं. ग्रुप सेशन शनिवारचंच राहील म्हणाल्या, बाकी पालक नोकरीवाले आहेत, त्यांना दुसरा वार जमत नाही, आणि ते मला पटलंही. पण माझं ट्रेनिंग गुरुवारी सकाळी वर्गातच बसून देईन म्हणाल्या. दाराबद्दल विचारलं की तो हात लावल्यावर बोटं ओठाला लावतो ते स्वतःहून की तुम्ही त्याचा हात नेता. स्वतःहून, म्हटलं. मग म्हणाल्या घरी शिरतानाचा व्हिडिओ पाठवा.

आरसीआयचा नंबर त्यांनी न मागता दिला. एक मनात राहतंच, शनिवारच्या ग्रुपमध्ये मुलं एकमेकांबरोबर खेळतात आणि तेच माझ्या मुलाला हवंय. त्याचं काय करावं? आणि दुसरं, आता कुठे बसतंय म्हणेपर्यंत मिस्टरांची पुन्हा बदली झाली तर?

विशेष_शिक्षिका

ग्रुपचं म्हणाल तर मधल्या वारी वर्गातल्याच एका मुलाबरोबर जोडी लावायला सांगा, दहा मिनिटं, बॉल देणं-घेणं, झाकणं लावणं, काहीही. या वयात सहा जणांच्या गोलात बसण्यापेक्षा एका मुलाबरोबर आळीपाळीने खेळणं जास्त उपयोगी पडतं. आयईपीत लिहून घ्या म्हणजे विसरलं जाणार नाही.

केंद्र_कर्मचारी

बदलीचं मी सांगतो ताई, मीही सेंट्रल गव्हर्नमेंटला आहे आणि मुलगी दिव्यांग आहे. डीओपीटीचं, म्हणजे केंद्राच्या कार्मिक विभागाचं, ऑफिस मेमोरँडम आहे (पहिलं ६ जून २०१४ चं, नंतरचं ८ ऑक्टोबर २०१८ चं), दिव्यांग मूल सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला रुटीन बदलीतून सूट मागता येते, प्रशासकीय अडचण नसेल तर. मिस्टरांनी आत्ताच अर्ज देऊन ठेवावा, बदलीची ऑर्डर निघाल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही. सोबत यूडीआयडी किंवा सर्टिफिकेटची कॉपी आणि सेंटरचं ॲडमिशनचं पत्र जोडा. चिल्ड्रन एज्युकेशन अलाउन्स दिव्यांग मुलाला दुप्पट मिळतो, तोही क्लेम करा. आणि ओल्ड टॅक्स रेजिममध्ये असतील तर दिव्यांग मुलासाठी ७५,००० ची वजावट आहे (१९६१ च्या कायद्यातलं ८०डीडी), दिव्यांगत्वाची टक्केवारी ८० किंवा जास्त असेल तर सव्वा लाख. अर्जाचा नमुना हवा असेल तर मेसेज करा, माझा मंजूर झालेला आहे, तोच पाठवतो.