योसेमिटीत तंबू कुठे ठोकावा? आपापले अनुभव लिहावेत

कॅलिफोर्नियातील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात तेरा कॅम्पग्राउंड आहेत आणि त्यांतील सर्वांत खालचे व सर्वांत वरचे यांच्या उंचीत साडेचार हजार फुटांहून अधिक फरक आहे. तरीही माझ्या ओळखीतील बहुतेक मराठी कुटुंबे व्हॅलीतील, म्हणजे उद्यानातील मुख्य दरीतील, अप्पर, लोअर किंवा नॉर्थ पाइन्समध्ये जागा मिळाली तरच जातात, आणि नाही मिळाली तर बेतच रद्द करतात. जानेवारी १९९७ मध्ये मर्सेड नदीला आलेल्या महापुरात व्हॅलीतील अप्पर रिव्हर आणि लोअर रिव्हर ही दोन कॅम्पग्राउंड गेली, ती पुन्हा सुरू झालीच नाहीत. त्यामुळे तिथली टंचाई नेहमीचीच आहे. कोणाला घेऊन, कोणत्या महिन्यात जायचे हे आधी ठरवावे, त्यावरून उंची ठरवावी आणि मग जागेचे नाव शोधावे, असे माझे मत आहे. आपण कुठे राहिलात, सोबत कोण होते आणि विशेषतः रात्र कशी गेली, हे कृपया सविस्तर लिहावे. दिवसा तर तिथे सगळीकडेच सुंदर असते.

अप्पर पाइन्स, जून (फ्रीमॉन्ट)

आमच्यासोबत पुण्याहून आलेले आई-बाबा होते, दोघेही सत्तरी ओलांडलेले. नकाशावर साइट निवडताना मी नदीपासूनचे अंतर पाहिले, पण स्वच्छतागृह किती लांब आहे हे पाहिले नाही, आणि ही चूक मला आजही बोचते. पहिल्या रात्री आई तीनदा उठली. प्रत्येक वेळी तंबूची चेन उघडायची, विजेरी शोधायची, पाइनच्या मुळांना अडखळत तिला हाताला धरून न्यायचे आणि परत आणायचे, यात माझी झोप गेली याचे काही नाही, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून तिने पाणी पिणेच कमी केले. गुडघे दुखणाऱ्या माणसाला जमिनीवरच्या अंथरुणातून उठताना किती त्रास होतो, हेही तेव्हाच लक्षात आले. पुढच्या वेळी आम्ही घडीच्या खाटा नेल्या आणि स्वच्छतागृहाला अगदी लागून नव्हे, पण दोन साइट सोडून जागा घेतली.

अस्वलांमुळे प्रत्येक साइटवर लोखंडी पेटी असते. ती सुमारे ४५ इंच रुंद, ३३ इंच खोल आणि १८ इंच उंच असते, आणि वास येणारी प्रत्येक वस्तू तिच्यात ठेवावी लागते. रात्री गाडीतही काही ठेवता येत नाही. आम्ही शिधा ठेवला, बर्फाची पेटी ठेवली आणि निश्चिंत झालो. मग आईच्या पिशवीतून एकेक वस्तू निघू लागली: उदबत्तीचा पुडा, खोबरेल तेलाची बाटली, कैरीचे लोणचे, बडीशेपेची डबी, बाबांची दाढीची साबणवडी. हे सगळे पेटीत गेले. कडी अस्वलाच्या पंजाला उघडता येऊ नये अशी केलेली असते; फटीत बोटे घालून ती आतून दाबावी लागते, आणि आईला ते जमेना. म्हणून पहाटे पाचला चहासाठी मलाच उठावे लागे.

एवढे होऊनही वयस्कर माणसांसाठी मी व्हॅलीच सुचवेन. उंची साधारण ४,००० फूट असल्याने धाप लागत नाही, वाटा सपाट आहेत, मोफत शटल आहे आणि जवळच दवाखाना आहे. बाबा रोज सकाळी एकटेच शटलने हॅपी आइल्सपर्यंत जाऊन नदीकाठी बसत.

टुऑलमी मेडोज, ऑगस्ट २०१६ (सॅक्रामेंटो)

हे कॅम्पग्राउंड २०२२ पासून दुरुस्तीसाठी काही वर्षे बंद होते. माझा अनुभव त्याआधीचा आहे. उंची ८,६०० फूट. आमचे घर जवळपास समुद्रसपाटीला, आणि आम्ही एका दिवसात थेट तिथे पोहोचलो. संध्याकाळी सहाच्या सुमारास आठ वर्षांच्या मुलीचे डोके दुखू लागले, जेवण नकोसे झाले, आणि रात्री तिला उलटी झाली. सकाळपर्यंत उतार पडला नसता तर आम्ही खाली निघणारच होतो.

त्याच संध्याकाळी स्वयंपाकाचाही धडा मिळाला. त्या उंचीवर पाणी सुमारे ९१ अंश सेल्सिअसलाच उकळते. तूरडाळ भिजवून नेली होती, ती उघड्या पातेल्यात सव्वा तास रटरटत राहिली, तरी बोटांत दाबली की मधली कणी टणकच लागे. तोवर गॅसचा डबा निम्मा संपला होता. तिथे छोटा प्रेशर कुकर न्यावा, नाहीतर मुगाची डाळ आणि पोहे यांवर भागवावे. ऑगस्ट असूनही पहाटे तंबूच्या कापडावर दहिवर गोठले होते, तेव्हा ‘उन्हाळा आहे’ म्हणून पातळ स्लीपिंग बॅग नेऊ नये.

तरीही मला पुन्हा तिथेच जायचे आहे. सूर्य गेल्यावर कुरणावर सावली पसरते, पण लेम्बर्ट डोम या घुमटासारख्या खडकाचा माथा बराच वेळ केशरी राहतो, आणि त्या वेळी एवढ्या मोठ्या कॅम्पग्राउंडवरही माणसे हळू आवाजात बोलू लागतात. फक्त पहिली रात्र क्रेन फ्लॅटला, म्हणजे सुमारे ६,२०० फुटांवर काढावी आणि मगच वर जावे. तिथे नेणारा टायोगा रस्ता हिवाळ्यात बंद असतो आणि साधारणपणे मेअखेर किंवा जूनमध्ये उघडतो. बर्फ जास्त पडलेल्या वर्षी त्याहूनही उशीर होतो. त्यामुळे जूनच्या सुरुवातीची सुट्टी या जागेच्या भरवशावर ठरवू नये.

वावोना, मे (फ्रेस्नो)

उंचीचा त्रास नाही, नदीकाठची जागा आहे आणि मॅरिपोसा ग्रोव्हमधले सिकोया वृक्ष जवळ आहेत. परंतु व्हॅलीत जायला जवळजवळ एक तास लागतो. दोन दिवस रोज जाऊन-येऊन केल्यावर मुले कंटाळली. वृक्ष हेच मुख्य आकर्षण असेल तर वावोना उत्तम. धबधबे पाहायचे असतील तर नव्हे.

टॅमरॅक फ्लॅट, जुलै (लॉस एंजेलिस)

सॅक्रामेंटोच्या अनुभवाला जोडून लिहिते. आम्ही चार मैत्रिणी मधल्या उंचीवर, सुमारे ६,३०० फुटांवर राहिलो. टायोगा रस्त्यापासून तीनेक मैल अरुंद रस्त्याने आत जावे लागते, आणि तिथे नळ नाही. माणशी रोज एक गॅलन या हिशेबाने दोन दिवसांसाठी आठ गॅलन पाणी नेले होते. पिण्यासाठी ते पुरले असते, परंतु आम्ही पहिल्याच रात्री तेलाची फोडणी देऊन भाजी केली आणि तेलकट कढई घासण्यात दीड-दोन गॅलन गेले. दुसऱ्या दिवशी ओढ्याचे पाणी गाळून, खळखळून उकळून आणि गार करून प्यालो. त्यात दुपारचे तीन तास गेले. डासही पुष्कळ होते. मात्र रात्रीची शांतता अशी होती की पाइनची सुई तंबूवर पडलेलीही ऐकू येई. नळ नसलेल्या जागी जाणाऱ्यांनी तेलाचा स्वयंपाक घरूनच करून न्यावा, एवढी विनंती.

कॅम्प ४, सप्टेंबर २०१५ (सॅन डिएगो)

मी मूळचा नाशिकचा, आणि सह्याद्रीच्या सुळक्यांवर प्रस्तरारोहण शिकलो. त्यामुळे माझी निवड आधीच ठरलेली होती: प्रस्तरारोहकांची ही जागा २००३ पासून अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत आहे. तेव्हा आगाऊ नोंदणी नव्हती. उजाडण्यापूर्वीच लोक स्लीपिंग बॅग अंगाभोवती गुंडाळून रांगेत बसत. आता हंगामात आगाऊ नोंदणी करावी लागते. एका साइटवर सहा जण राहतात आणि ते एकमेकांना ओळखत असतीलच असे नाही. गाडी बाहेर ठेवून सामान वाहून न्यावे लागते. लहान मुले असलेल्या कुटुंबाला मी ही जागा सुचवणार नाही.

माझ्या वाट्याला आलेल्या अनोळखी सोबत्यांपैकी एकाने मला संध्याकाळी कोलंबिया बोल्डर या मोठ्या शिळेजवळ नेले आणि ग्रॅनाइटच्या भेगेत हात कसा अडकवायचा ते दाखवले. आपल्या बेसॉल्टवर बोटांनी कड पकडायची सवय. इथे कडच नसते, तळहात भेगेत घालून अंगठा आत दुमडायचा, म्हणजे हात फुगतो आणि घट्ट बसतो. पहिल्या तासातच हाताच्या पाठीची सालपटे निघाली. मग त्याने स्वतःच्या हाताची चिकटपट्टी सोडून मला ती कशी गुंडाळायची हे दोनदा करून दाखवले. स्वतंत्र साइट घेतली असती तर ही संध्याकाळ मला मिळाली नसती.

हॉज्डन मेडो, मे (सनीव्हेल)

व्हॅलीतील जागांची नोंदणी पाच महिने आधी, १५ तारखेला सकाळी सात वाजता खुली होते. सलग दोन वर्षे मी त्या मिनिटाला बसूनही मला काही मिळाले नाही. शेवटी कुणीतरी रद्द केलेली हॉज्डनची साइट मिळाली, आणि आता आम्ही मुद्दामच तिथे जातो. बिग ओक फ्लॅट प्रवेशद्वारापासून ते अगदी जवळ आहे, त्यामुळे शुक्रवारी कचेरी सुटल्यावर निघूनही त्याच रात्री मुक्कामाला पोहोचता येते. व्हॅली तिथून पाऊण तासावर आहे. शनिवारी लवकर निघालो तर गर्दीच्या आधी गाडी लावायला जागा मिळते.

रात्री दहानंतर शांतता पाळायची असते आणि आम्ही पोहोचतो अकराच्या सुमारास. म्हणून तंबू, गाद्या आणि हातोडी घरूनच सर्वांत वर ठेवतो, अस्वलांपासून जपण्यासाठी लोखंडी पेटीत जाणारे सगळे सामान एकाच पिशवीत भरतो, आणि गाडीचे एकच दार उघडतो. मुलांना तंबू उभा होईपर्यंत गाडीतच झोपू देतो. शेजारच्या तंबूतले लोक सकाळी विचारतात, ‘तुम्ही कधी आलात?’