सोलापूरच्या उन्हाळ्यात नव्या टॅटूची काळजी कशी घ्यावी?

प्रश्न: गेल्या आठवड्यात मी दंडावर टॅटू काढून घेतला. सध्या पारा ४० अंशांच्या वर असल्याने घामामुळे तिथे खाज सुटते आणि खपल्याही धरू लागल्या आहेत. आजी हळद लावण्याचा आग्रह धरते आहे. ती लावावी का?

प्रतिसाद: ताई, आजींची माया समजते; परंतु टॅटूची सुई शाई त्वचेच्या आतल्या थरापर्यंत नेते, म्हणजे ती उघडी जखमच असते, आणि स्वयंपाकघरातील हळद निर्जंतुक नसते, त्यामुळे ती लावू नये. हात स्वच्छ धुऊन, कोमट पाणी आणि सुगंधविरहित सौम्य साबणाने ती जागा दिवसातून २-३ वेळा धुवावी व मऊ, स्वच्छ कापडाने केवळ टिपावी. आपला सोलापुरी टॉवेल कितीही आवडता असला तरी त्याचे धागे खपलीत अडकतात. त्यानंतर सुगंधविरहित मॉइश्चरायझरचा अगदी पातळ थर द्यावा, कारण जाड थराखाली घाम साचतो. खपली मात्र ओढू नये; तिच्याबरोबर शाईही निघून नक्षी फिकी पडते.

प्रतिसाद: वरची त्वचा भरायला साधारण २-३ आठवडे लागतात. तोवर विहिरीत किंवा तलावात पोहू नये, उन्हात सैल सुती बाही घालावी. सनस्क्रीन जखम पूर्ण भरल्यावरच लावावे.

प्रतिसाद: सुरुवातीची थोडी सूज स्वाभाविक आहे. परंतु लाली पसरत असेल, पू किंवा ताप येत असेल, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता त्वरित त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे; मधुमेह असल्यास तर अधिकच सावध राहावे.