औषधी गांजाला परवाना: गोव्याने फाईल मिटली ते बरं केलं का?

डिचोलीकर (धागाकर्ता)

डिसेंबर २०२० संपता संपता गोव्यात दोन-चार दिवस दुसरा विषयच नव्हता. औषधासाठी गांजाची लागवड करू द्यावी, या आरोग्य खात्याच्या प्रस्तावाला कायदा खात्याने हिरवा कंदील दाखवल्याची बातमी फुटली. तेव्हाचे कायदामंत्री नीलेश काब्राल सांगत होते की लागवड मर्यादित असेल, माल थेट औषध कंपन्यांनाच जाईल. ऐकतो कोण! आमच्या नाक्यावरच्या रस-ऑम्लेटच्या गाड्यावर एकजण दुसऱ्याला विचारत होता, "काजूची झाडं तोडून टाकू काय रे?" विरोधकांनी झोड उठवली, मुख्यमंत्री प्रमोद सावंत म्हणाले की निर्णय काही झालेला नाही, आणि विषय बासनात गेला.

माझ्या मते चुकलंच. अंमली पदार्थांवरचा एनडीपीएस कायदा १९८५ चा आहे. त्याचं कलम ८ बंदी घालतं, पण वैद्यकीय आणि वैज्ञानिक कामाला त्यातच वाट ठेवली आहे. परवान्याचे नियम करायचा अधिकार कलम १० ने राज्याला दिलाय. म्हणजे नियमांचा मसुदा समोर ठेवून किती झाडं, कुणाच्या जमिनीत, कुंपण कसलं, उरलेला पाला कुणासमोर जाळायचा यावर कडाक्याचं भांडण करता आलं असतं. आपण भांडलो ते 'गांजा' या दोन अक्षरांवर.

गंमत म्हणजे त्याच महिन्याच्या २ तारखेला व्हिएन्नात संयुक्त राष्ट्रांच्या अंमली पदार्थ आयोगाने गांजाला सर्वांत कडक यादीतून काढलं, २७ विरुद्ध २५ मतांनी. भारताचं मत बाजूने होतं. दिल्लीने व्हिएन्नात हात वर केला आणि पणजीने महिनाअखेरीस खाली घेतला.

बांदेकर

तुम्ही पत्रादेवीच्या सीमेपलीकडे गोव्यात, आम्ही अलीकडे महाराष्ट्रात. इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर जी दारू पकडतात ती काय चोरून गाळलेली असते? गोव्यात परवाना असलेल्या दुकानातून, रीतसर पैसे मोजून घेतलेली असते. कर कमी म्हणून इकडे येते. तुमचा परवाना सीमेवर संपतो, माल संपत नाही. गाडीच्या सीटखाली कप्पे करणारी आमचीच पोरं आहेत, आणि केसेस त्यांच्याच अंगावर.

आणि परवान्याचं म्हणाल तर मांडवीतल्या कॅसिनोंकडे बघा. हलवणार, हलवणार म्हणून किती सरकारं आली नि गेली. मुदतवाढीवर मुदतवाढ. गोव्यात एकदा परवाना दिला की तो काढून घेता येत नाही, एवढा इतिहास मला पुरतो.

डिचोलीकर

बांदेकर, कॅसिनोचा मुद्दा झोंबला, उत्तर नाही माझ्याकडे. दारूचा मात्र पटत नाही. दारू कुणीही विकत घेतो. इथे गिऱ्हाईक एकच, कारखाना. अफूचं बघा. मंदसौर, नीमच, चित्तोडगडकडे शेतकरी परवान्यावर अफू लावतात, ग्वाल्हेरचं केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरो शेत मोजतं, माल सरकार घेतं आणि तो नीमच नि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यात जातो. चालतंय की इतकी वर्षं.

नीमचचा जावई

सासुरवाडी तिकडची म्हणून लिहितो. चालतंय, पण कसं ते ऐका. तिकडे परवान्याला पट्टा म्हणतात. पट्टा असलेलं घर म्हणजे सोयरिकीला वजन. किमान उतारा भरला नाही की पट्टा जातो, म्हणून अफूच्या बोंडांना चिरा द्यायच्या दिवसांत अख्खं घर शेतात झोपतं. निवडणुकीत पट्टे वाढवू हे आश्वासन असतंच. आणि गळती? ती आहेच, तिच्यावर मोठे झालेले लोक गावाला ठाऊक असतात. डिचोलीकरांना एवढंच सांगणं की नियमात लिहिलेलं कुंपण आणि शेतातलं कुंपण वेगळं.

एडिसनची सुमन

आमच्या न्यू जर्सीतला किस्सा. नोव्हेंबर २०२० च्या सार्वमतात साधारण ६७ टक्के लोकांनी गांजा कायदेशीर करायला होकार दिला. मग प्रत्येक नगरपालिकेला २१ ऑगस्ट २०२१ पर्यंत मुभा होती, गावात धंदा नको असेल तर तसा ठराव करा. ५६५ पैकी सुमारे ४०० गावांनी 'आमच्याकडे नको' केलं! मी एका सभेला गेले होते. माइकसमोर उभे राहिलेले आपले देशी काका म्हणाले, मी होकाराचं मत दिलंय, पण दुकान शाळेपासून, देवळापासून आणि माझ्या घरापासून लांब हवं. तीन वर्तुळं काढल्यावर गावात जागा उरली ती महामार्गाच्या कडेची, तिथे गोदाम होतं.

डॉ. संशयी

सुमनताई, ते करमणुकीच्या गांजाचं झालं. औषधी गांजाचा कायदा तुमच्याकडे २०१० चा. ही सरमिसळच तर सगळा घोळ करते.

मी औषधाच्या बाजूचा आहे आणि परवान्याच्या विरोधात आहे, दोन्ही एकदम. लहान मुलांच्या दोन दुर्मीळ फेफऱ्यांवर गांजातल्या सीबीडी या घटकाचं शुद्ध औषध अमेरिकेने २०१८ मध्ये मंजूर केलं. किमोथेरपीतल्या मळमळीवर उपयोग आहे. हे पुराव्याने सिद्ध आहे. पण ते औषध म्हणजे ठरलेली मात्रा, ठरलेली शुद्धता. शेताला परवाना देऊन औषध होत नाही. थायलंडने २०१८ ला औषधापुरतं उघडलं, जून २०२२ मध्ये गांजाचं झाडच अंमली यादीतून काढलं, गल्लोगल्ली दुकानं झाली आणि जून २०२५ मध्ये परत डॉक्टरच्या चिठ्ठीवर आले. उघडणारा आणि मिटणारा मंत्री वेगळा असतो.

वैद्यबुवा

डॉक्टर, आमच्याकडे आयुर्वेदात विजया, म्हणजे भांग, आधीपासून आहे. जातिफलादि चूर्णात भांग पडते, ग्रहणीवर, म्हणजे जुनाट जुलाबांवर, देतो. औषध नियमांच्या परिशिष्टात ती विषारी द्रव्यांत मोडते, देखरेखीखालीच द्यायची. आणि एनडीपीएसच्या व्याख्येत गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांशिवायची पानं नि बिया त्यात नाहीत. एकाच झाडाचा खालचा भाग आमच्या दुकानात आणि वरचा भाग पोलीस ठाण्यात! आता 'विजया अर्क' म्हणून रंगीत बाटल्या ऑनलाइन मिळतात, चिठ्ठी व्हिडिओ कॉलवर पाच मिनिटांत. हा मागचा दरवाजा उघडा असताना पुढच्याला कुलूप लावून काय राखताय?

मोहोळचा कांदेवाला

२०२१ मध्ये आमच्या तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज केला होता, कुठल्याच पिकाला भाव नाही, दोन एकरांत गांजा लावायला परवानगी द्या. पोलीस म्हणाले प्रसिद्धीसाठी आहे. असेलही. पण कांदा रस्त्यावर ओतला की कोण विचारतं? त्या अर्जाने टीव्हीवाले आले. परवाने निघाले तरी आमच्या हाती लागायचे नाहीत एवढं मात्र नक्की. कुंपण, कॅमेरे, प्रयोगशाळेचा दाखला म्हटलं की कंपनीच उभी राहणार. आम्ही तिथे रोजंदारीवर.

सून

मी इथे फक्त वाचते, आज लिहिते. सासूबाईंना हाडांत कॅन्सर पसरला होता, साल २०११. गांजा नाही, मॉर्फिन, अफूपासूनचं वेदनाशामक, जे कायद्याने मिळायला हवं. तालुक्यात नाही, जिल्ह्यातही नाही. परवाना नाही म्हणायचे. नवरा पहाटेच्या एसटीने मोठ्या शहरातल्या रुग्णालयात जायचा, रात्री वर्तमानपत्रात गुंडाळलेली स्ट्रिप घेऊन यायचा. मी वहीत तारीख आणि गोळ्यांचा हिशोब लिहायचे, कारण रिकामी पाकिटं दाखवल्याशिवाय पुढची नाही. एका रविवारी दोनच उरल्या होत्या. त्या अर्ध्या तोडून आम्ही सोमवार गाठला. २०१४ मध्ये कायदा थोडा सुटसुटीत केला म्हणे. आम्हाला त्याचा काय उपयोग.

गांजाने त्यांना बरं वाटलं असतं का मला माहीत नाही. पण 'गैरवापर होईल' हे वाक्य कुणी म्हटलं की मला ती वही आठवते.

बांदेकर

सूनबाई, औषधाला मी नाही म्हणालो नाही हो. पण तुमच्याच गोष्टीत डिचोलीकरांना प्रश्न आहे. अफू नीमचला पिकतच होती ना? तरी तुमच्या तालुक्यात गोळी नव्हती. मग डिचोलीत गांजा पिकवून कुणाच्या उशाशी औषध पोचणार?

डिचोलीकर

एकट्या लागवडीने नाही पोचणार, कबूल. सरकारच्या प्रस्तावात हा भाग कुठे दिसलाच नाही आणि मीही वर लिहिताना विसरलो. दुकानाचा, रुग्णालयाचा परवाना आधी, शेताचा नंतर, असा उलटा मसुदा करून बघतो. पण दोन दिवस द्या, गणपतीची चवथ तोंडावर आलीय आणि माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या रानफळांचं, अर्धं सामान अजून रानात आहे.