मदत हवी आहे: 'डोन्ट टेक लोड' हे इंग्रजी नाही का?

राम राम मंडळी,

मी चोपडा तालुक्यातला केळीवाला. इंग्रजी बारावीपुरतं शिकलो, तेही आता विसरलोय. प्रश्न पोरीचा आहे, पण झोप माझी उडाली आहे.

पोरगी नववीत आहे. परीक्षेला घाबरलेल्या मैत्रिणीला धीर देणारं पत्र लिहायचं होतं. हिने लिहिलं, 'डोन्ट टेक लोड'. बाईंनी लाल रेघ ओढून अर्धा मार्क कापला. पोरगी म्हणते, पप्पा, टेक पण इंग्रजी, लोड पण इंग्रजी, मग चूक कुठे झाली? मी म्हटलं, जेवून घे.

खरं तर हा शब्द आमच्या घरात मिठासारखा आहे. सकाळी व्यापाऱ्याचा फोन येतो, 'गाडी लोड झाली का?' तेव्हा मजूर डोक्यावर चुंबळ ठेवून एकेक घड बांधावरून आणत असतात. चिकाने सदऱ्यावर पडलेले काळे डाग कुठल्याच साबणाने जात नाहीत. ट्रकच्या तळाशी केळीचा पाला अंथरलेला असतो. हा लोड डोळ्यांना दिसतो, काट्यावर मोजता येतो. वीजबिलावर 'मंजूर भार' छापलेलं असतं, वायरमन मात्र लोडच म्हणतो. 'भारनियमन' मी फक्त पेपरात वाचलंय, बोलताना कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

त्यात आईचं वेगळंच. परवा तिला म्हटलं, 'आई, लोड घेऊ नको, होईल सगळं.' तिने पाठीमागचा लोड काढून माझ्याकडे सरकवला!

आता माझा एक अंदाज आहे, तो बरोबर की चूक सांगा. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली जातं, होल्टेज पडतं आणि 5 एचपीची मोटर घुमायला लागते. रिवाइंडिंगवाला कान लावून म्हणतो, 'दादा, मोटर लोड घेऊन राहिली, बंद करा.' बंद नाही केली तर वाइंडिंग तापते, वार्निशचा जळका वास येतो आणि हजारांचा खड्डा पडतो. माणसाला 'लोड घेऊ नको' म्हणायला आपण या मोटरवरूनच शिकलो का? इंग्रजांनी आपल्याला नुसता शब्द दिला आणि म्हण आपण बनवली, असं आहे का? आणि मुख्य म्हणजे, बाई बरोबर की पोरगी?

प्रतिसाद १ (जुना मास्तर)

बाई बरोबर, पण पोरगी चुकली असं म्हणवत नाही. यंत्राबद्दल 'टेक लोड' इंग्रजीतही चालतं. माणसाच्या काळजीसाठी मात्र ते 'डोन्ट वरी' म्हणतील. मनावरचा भार उतरला हे सांगताना 'अ लोड ऑफ माय माइंड' म्हणतात, तिथे लोड आहेच. म्हणजे लाक्षणिक अर्थ त्यांच्याकडेही आहे, फक्त त्याला 'घेणे' लागत नाही. गंमत अशी की 'टेक अ लोड ऑफ' म्हणजे 'या, बसा, पाय मोकळे करा'. त्यामुळे तुमच्या आईंनी लोड पुढे केला, ते इंग्रजांच्या जास्त जवळ गेलं!

आणखी एक. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ वाट, प्रवास, वाहून नेणं असा होता. ओझं हा अर्थ नंतर आला. ध्रुवताऱ्याला ते 'लोडस्टार' म्हणतात, त्यातला लोड तोच, वाट दाखवणारा. स्पेलिंग तेवढं वेगळं. आपल्या 'लादणे'शी मात्र त्याचं नातं जोडू नका.

प्रतिसाद २ (तापीकाठ)

भाऊ, कशाले टेन्शन लेस? हा घ्या दुसरा शब्द! टेन्शन म्हणजे ताण, आणि शेतावरून जाते ती हायटेन्शन लाईन. आपली निम्मी काळजी डीपीवरूनच, म्हणजे शेतातल्या ट्रान्सफॉर्मरवरूनच आलेली दिसते. करंट लागला, फ्यूज उडाला, डोकं गरम झालं. मोटरचा अंदाज मला पटतो, पण पुरावा काय? ट्रकवाल्यांकडूनही आला असेल. 'जास्त लोड घेऊ नको, टायर बसतील' हे मी लहानपणापासून ऐकतोय.

प्रश्नकर्ता

ट्रकचं डोक्यातच आलं नव्हतं. मास्तर, अजून एक. पोरीच्या पुस्तकात 'लोडेड क्वेश्चन' आहे, मी 'अवघड प्रश्न' सांगून मोकळा झालो.

प्रतिसाद ३ (जुना मास्तर)

अवघड नव्हे. समजा तुम्हाला कोणी विचारलं, 'काटा मारायचा कधी बंद केला?' कालपासून म्हणा, नाहीतर अजून बंद केलेला नाही म्हणा, दोन्हीकडून चोर तुम्हीच. आरोप प्रश्नात आधीच भरून ठेवलेला असतो, म्हणून लोडेड. मी वर्गात 'मेख मारलेला प्रश्न' म्हणतो. एका बाजूला वजन भरलेल्या फाशांनाही 'लोडेड' म्हणतात.

प्रश्नकर्ता

मेख चांगला शब्द आहे, उद्या सांगतो. अर्ध्या मार्काचं मात्र ती ऐकायला तयार नाही. बाईंना मोटरचं उदाहरण देणार म्हणते. या आठवड्यात रात्रीची लाईट आहे, आत्ताच आली. मोटर लावून येतो.