मदत हवी आहे : एका बाजूला पाय असलेला ब्रॅकेट लेथवर कसा धरायचा? (तातडीचं)

पंचगंगा_लेथ
कडबाकुट्टीचा बिडाचा ब्रॅकेट आलाय. बेअरिंगचा बोअर (ते बसतं ते भोक) खाल्लाय, मोठा करून बुश (नळीसारखं कडं) मारायचाय. एकीकडे पाय (बोल्टने आवळायची बैठक) असल्यामुळे लेथच्या चकात (धरून फिरवणाऱ्या पकडीत) बसत नाही. काल कसाबसा धरला, चालू केल्यावर अख्खं मशीन हलायला लागलं आणि बंद करेपर्यंत जॉब, म्हणजे हा ब्रॅकेट, सुटून लेथच्या बेडवर आपटला. गिऱ्हाईक उद्या संध्याकाळी येणार. कसा धरू, लवकर सांगा.

जुना_टर्नर
चक कुठला? आरपीएम (मिनिटाला फेरे) किती? बेअरिंग कोणतं? तुला लागलं नाही ना?

पंचगंगा_लेथ
मला काही नाही. थ्री जॉ. आरपीएम नेहमीचा, २८०. बेअरिंग ६२०७.

फोर_जॉ
थ्री जॉचे तिन्ही जॉ (जबडे) एकदम सरकतात, असल्या जॉबला दोनच टेकतात. फोर जॉ लाव, त्याचे चारही वेगवेगळे सरकतात; तांब्याची पट्टी घाल, डायलने (काट्याच्या मापकाने) ट्रू कर, म्हणजे मधोमध आण. मी कायम असंच करतो.

जुना_टर्नर
फोर जॉने पायाचं वजन कुठे जातं? शिवाय पातळ कडं दाबून बोअर केलं की सोडल्यावर अंडाकृती होतं. चक काढून फेसप्लेट (खाचांची सपाट गोल प्लेट) लाव, तिच्यावर अँगल प्लेट (काटकोनी प्लेट) बांध, मध्ये कागद घाल म्हणजे सरकत नाही. पाय अँगल प्लेटवर बोल्टने आवळ आणि समोरच्या, म्हणजे विरुद्ध बाजूला वजन लाव.

मळेवाला
आमच्या कुट्टीचंही हेच झालं होतं. ग्रीस नसलं की बेअरिंग जाम होतं, बाहेरची रिंग फिरून बोअर खाते. गिऱ्हाइकाला पट्टा जास्त ताणू नको म्हणावं.

साधा_फिटर
बुश कशाला? लॉकटाइट (धातू चिकटवणारं द्रव) लावून बेअरिंग बसवा.

पंचगंगा_लेथ
खालच्या बाजूला पाऊण मिलिमीटर झीज आहे, नाही टिकणार.

इचलकरंजी_बोअरिंग
जॉब फिरवायचाच कशाला? कंपाउंड (हत्यार धरणारी वरची स्लाइड) काढून जॉब खालच्या क्रॉस स्लाइडवर बांधा, बोरिंग बार (हत्यार बसवलेला दांडा) लेथच्या दोन टोकांच्या सेंटरमध्ये फिरवा. उडायची भीतीच नाही.

जुना_टर्नर
पद्धत चांगली आहे, पण बार लागतो आणि उंचीचं पॅकिंग अचूक लागतं. आहे का तुझ्याकडे?

पंचगंगा_लेथ
बार नाही. अँगल प्लेट शेजारून आणली. डायल बोअरला लावू ना?

जुना_टर्नर
झिजलेल्या जागी नको, सेंटर खाली सरकेल. बेअरिंगच्या बाहेरची कडा झिजली नसेल तर तिथे लाव, आणि पायापासूनची उंची कुट्टीच्या दुसऱ्या ब्रॅकेटशी जुळव.

पंचगंगा_लेथ
बांधला. गिअर न्यूट्रल करून हाताने फिरवतोय, पायाची बाजू दर वेळी खाली येते. समोर किलोभराची चकती लावली तरी येतेच, फक्त हळू.

जुना_टर्नर
अजून वजन लाव. कुठेही सोडलं तरी तिथेच थांबलं पाहिजे. मग हाताने पूर्ण एक फेरा दे, बोल्ट सॅडलला (बेडवर सरकणाऱ्या भागाला) लागत नाही ना बघ. बॅक गिअर (वेग कमी करणारा) टाकून ५०-६० आरपीएमने सुरू कर, वेग दुप्पट केला की बाहेरची ओढ चौपट होते. पहिल्या कटनंतर थांबवून सगळे नट परत आवळ. आणि जॉबच्या समोर उभा राहू नकोस, बाजूला टेलस्टॉककडे (लेथच्या दुसऱ्या टोकाकडे) राहा.

फोर_जॉ
मी अजूनही म्हणतो, वजन लावून फोर जॉमध्ये झालं असतं.